काळी चार, पांढरी पाच

थेरन गॅस्किन्स न्हाव्याच्या दुकानात शिरला तेव्हा रेकॉर्डप्लेअरवर तेच गाणं लागलं होतं, आणि तो दारात दिसताच कुणीतरी मुद्दाम आवाज वाढवला.

"या," क्लीव्ह न्हावी वस्तरा चामड्यावर घासत म्हणाला. "रेकॉर्डवर नसलेला माणूस आला. जागा द्या रे त्याला."

बाकावरचे तिघे हसले. थेरनही हसला. चेहरा पाडून बसलं असतं तर पुढच्या गिऱ्हाइकालाही हाच विनोद ऐकवला गेला असता.

गाणं एमरी टिब्सचं होतं. एमरी म्हणजे थेरनच्या बायकोचा, वर्लीनचा, सख्खा भाऊ. एप्रिलमध्ये एका रेडिओदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत पाच जणांनी ते वाजवलं. जूनमध्ये एमरीची गाडी बोमाँटच्या रस्त्यावर ट्रकखाली गेली. ऑगस्टमध्ये रेकॉर्ड बाजारात आली, आणि आता ऑक्टोबरात ह्यूस्टनच्या फिफ्थ वॉर्डात, काळ्यांच्या त्या वस्तीत, ती कानावर न पडता रस्ता ओलांडणं अवघड झालं होतं. दोन कडवी एमरी गातो, मग सॅक्सोफोन घुसतो. आधी घशातल्या घशात गुरगुरतो, मग वर जाऊन किंचाळतो, आणि तिथून एकदम तळाला उडी मारून एकच सूर सोळा वेळा हाणतो. लोक त्याला 'सोळा भोंगे' म्हणत. लायन्स अव्हेन्यूवरच्या एका पास्टरने त्या सोळा भोंग्यांवर अख्खं प्रवचन खर्च केलं होतं. त्यानंतर रेकॉर्ड आणखी खपली.

लेबलवर एमरीचं नाव आणि खाली 'व साथीदार', एवढंच होतं. थेरन म्हणाला, भोंगे माझे आहेत, आणि महिनाभर सगळ्यांनी ते मानलं. मग डॅलसहून ड्युइट लॅसिटर आला. उंच माणूस, पांढरे बूट, हातात बॅरिटोन, म्हणजे थेरनच्या टेनरचा मोठा भाऊ. सॅक्सोफोन जितका मोठा तितका त्याचा आवाज खोल. ड्युइटने क्लीव्हच्या दुकानात दाढी करता करता सहज विचारलं होतं, "तो शेवटचा सूर टेनरवर निघतो असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

आणि खरंच, निघत नव्हता. रेकॉर्डवरचा भोंगा टेनरच्या तळापेक्षाही अर्धा सूर खाली होता. टेनरच्या सगळ्या भोकांवर झाकणं बसली की जो सूर येतो त्याच्या खाली नळीच नाही, मग सूर कुठून येणार? ड्युइटचं म्हणणं असं, की थेरन गेला होता, वाजवूनही आला होता, पण एमरीला ते पसंत पडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने ड्युइटला गुपचूप बोलावलं आणि तेच गाणं बॅरिटोनवर पुन्हा केलं. मेहुण्याला वाईट वाटू नये म्हणून कुणाला सांगितलं नाही.

एमरीला विचारायची सोय नव्हती. ड्रमवाला सैन्यातून कोरियाला गेला होता. पियानोवाला आणि गिटारवाला कॅलिफोर्नियात होते आणि पत्राला उत्तर देत नव्हते. रेडिओदुरुस्तीवाला म्हणाला होता, "मी यंत्राच्या काट्याकडे बघतो, माणसांकडे नाही. त्या आठवड्यात चार बँड येऊन गेले."

"रविवारी सोक्षमोक्ष लागेल म्हणा," क्लीव्हने थेरनच्या गळ्याभोवती कापड बांधलं. "गाण्याचे दौरे काढणाऱ्या मिसेस स्ट्रिंगर स्वतः येतायत मेम्फिसहून. पाम गार्डन हॉल, दुपारी चार. दोघांनी तेच गाणं वाजवायचं. ज्याचा भोंगा खरा, तो त्यांच्याबरोबर दौऱ्यावर. पोस्टरवर नाव."

"माहितीय मला."

"माहितीय. पण निघतो का?"

थेरनने आरशात बघितलं. बाकावरचे तिघेही आरशातच बघत होते.

"तू केस काप," तो म्हणाला.

घरी त्याने पुन्हा रेकॉर्ड लावली आणि टेनर काढलं. सगळ्या चाव्या दाबून तळाचा सूर फुंकला. रेकॉर्डवरचा भोंगा आणि त्याचा भोंगा एकमेकांना असे घासले की खिडकीची काच झिणझिणली. अर्धा सूर. त्याने फुंकायच्या टोकाला नवी वेताची पट्टी, रीड, लावली, तोंडाची पकड ढिली केली, मान वाकवली. सूर थोडा लोंबायचा आणि पुन्हा जागेवर यायचा.

वर्लीन कपड्यांना इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी ठेवली.

"खरं सांग," ती म्हणाली. "त्या दिवशी एमरी काही बोलला होता? नापसंतीचं?"

"म्हणाला, शेवटी तू माझ्या कानाचा पडदा फाडलास."

"ते कौतुक होतं की तक्रार?"

हाच प्रश्न थेरन तीन आठवडे स्वतःला विचारत होता. दौऱ्याची नोकरी जाईल, पोस्टर जाईल, याची भीती त्याला तितकी नव्हती. दिवसा तो गोदीत कापसाच्या गाठी चढवत होता आणि तेच आयुष्यभर करता आलं असतं. पण ड्युइट खरं बोलत असेल तर एमरी त्याच्या पाठीमागे त्याला पुसून मोकळा झाला होता, आणि नंतर दोन महिने दर रविवारी त्याच्याच टेबलावर बसून त्याच्याच ताटातलं कोंबडीचं तंगडं उचलत होता.

"आणि त्याचा आवाज बघ ना," वर्लीन रेकॉर्डकडे बघत म्हणाली. "किती जड लागलाय. आई म्हणते, त्याला आधीच कळलं होतं, म्हणून असा गायला. मला ऐकवत नाही."

शनिवारी सकाळी थेरन सॅक्सोफोन घेऊन फ्रेंचटाउनमध्ये आल्सीद गिड्रीकडे गेला. आल्सीद सत्तरीचा होता, घड्याळं आणि वाद्यं एकाच टेबलावर दुरुस्त करायचा. वर्लीनही आली. घरी बसून राहवेना म्हणाली.

"मिस्टर आल्सीद, माझ्या बाजाचं काहीतरी बिघडलंय," थेरन म्हणाला. "आधी खाली जात होता, आता जात नाही."

"बाजे खाली जात नाहीत, पोरा. माणसं जातात." म्हाताऱ्याने टेनर घेतलं, आत एक बारीक दिवा सोडला आणि झाकणांच्या कडांमधून उजेड झिरपतोय का ते एकेक करून पाहिलं. कुठेच झिरपत नव्हता. "काही बिघडलं नाही. रेकॉर्ड आणलीस?"

त्याने रेकॉर्ड लावली आणि कोपऱ्यातल्या जुन्या पियानोवर एका बोटाने भोंग्याचा सूर शोधला. तो पांढरी पाचवर, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर, सापडला. मग थेरनला तळाचा सूर फुंकायला लावलं. तो लागूनच वर, काळी चारवर सापडला.

"रेकॉर्डप्लेअर हळू फिरत असेल," वर्लीन म्हणाली.

"शाबास. बघू." आल्सीदने रेकॉर्डच्या कडेला कागदाचा कपटा चिकटवला, खिशातलं घड्याळ काढलं आणि कपट्याच्या फेऱ्या मोजल्या. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. पुन्हा मोजल्या. अठ्ठ्याहत्तर. "माझं यंत्र बरोबर आहे. इतकंच नाही, क्लीव्हचंही मीच लावून दिलंय."

थेरन खाली बसला. म्हणजे ड्युइट खरा होता.

म्हातारा मात्र पियानोपाशीच उभा राहिला. "त्या दिवशी गाणं कुठल्या पट्टीत होतं?"

"काळी चार."

"खात्री आहे?"

"गिटारवाला सकाळपासून कुरकुरत होता. काळी चारमध्ये त्याला मोकळी तार मिळत नाही, बोटं दुखतात म्हणून. एमरी म्हणाला, थेरनचा तळ तिथे आहे, गाणं तिथेच होणार. तुझी बोटं दुखू देत."

"हं." आल्सीदने पुन्हा सुई गाण्याच्या सुरुवातीला ठेवली आणि एमरीच्या आवाजाबरोबर पियानोवर बोट ठेवत गेला. मग गिटारबरोबर. मग रेकॉर्डवरच्या पियानोबरोबर. सगळं पांढऱ्या पाचमध्ये. "आता मला सांग. बॅरिटोनवाल्याने फार तर सॅक्सोफोन बदलला असेल. अख्खं गाणं कुणी खाली आणलं? एकटा तुझा भोंगा बुडालेला नाही, पोरा. अख्खी खोली अर्धा सूर बुडालीय."

"ड्युइट म्हणेल, दुसऱ्या दिवशी आम्ही पट्टीच बदलली," वर्लीन म्हणाली.

"म्हणेल. म्हणून आपण खोली वर काढून बघू."

त्याने रेकॉर्डप्लेअरखालचा स्क्रू बारीक पेचकसाने फिरवला. रेकॉर्ड वेगाने फिरू लागली, गाणं वर सरकलं, आणि पियानोच्या काळी चारशी जुळलं तेव्हा त्याने फेऱ्या मोजल्या. ब्याऐंशीच्या वर, त्र्याऐंशीच्या आत. "रेडिओवाल्याचं रेकॉर्ड कापायचं यंत्र जोरात फिरत होतं. जोरात कापलं की बाजारात येऊन हळू वाजतं. ऐका आता."

त्याने सुई पहिल्यापासून ठेवली.

एमरी गायला. जड नाही, दुःखी नाही. किंचित नाकातला, हसू दाबलेला, चर्चमध्ये मागच्या बाकावरून बहिणीला चिमटे काढणाऱ्या माणसाचा आवाज. वर्लीनने दोन्ही हात तोंडावर धरले. दोन्ही कडवी संपेपर्यंत ती हलली नाही. मग भोंगे आले, आणि थेरनचा तळाचा सूर त्यांच्यात असा मिसळला की कुठे कोण ते कळेना. सुराच्या पोटात एक घोगरा गुरगुराट होता. फुंकताना घशातून गुणगुणलं की तो येतो. थेरनला ते गुणगुणणं ओळखू आलं. माणसाला स्वतःचं खाकरणं ओळखू येतं तसं.

"काळ्यावर वाजवलंस आणि पांढऱ्यावर जाऊन बसलं," आल्सीद स्क्रू परत फिरवत म्हणाला. "या देशात त्यात नवल काय?"

तिघेही हसले, पण थेरनचं हसू लवकर संपलं.

"मला कळलं. उद्या हॉलमध्ये काय सांगू? चारशे माणसांपुढे घड्याळ काढून फेऱ्या मोजू?"

"बँड गाणं कशात वाजवणार?"

"रेकॉर्डवरून बसवलंय त्यांनी. पांढरी पाच. ड्युइटने तेच ठरवून घेतलंय."

आल्सीदने टेनर उचलून त्याच्या कर्ण्यावर बोटं ठेवत काहीतरी मोजलं. मग म्हणाला, "तुझी नळी चार बोटं कमी पडते. नळी वाढव." त्याने पुठ्ठ्याची सुरळी करून सॅक्सोफोनच्या कर्ण्यासारख्या तोंडात खुपसली. थेरनने फुंकलं. पांढरी पाच निघाली, स्वच्छ.

"ड्युइट ती सगळ्यांसमोर उपटून काढेल," वर्लीन म्हणाली. "आणि हातात नाचवेल."

थेरनने सुरळी काढली. स्टुलावर बसूनच तो वाकला, वैतागून एक भोंगा हाणला, आणि वाकताना सॅक्सोफोनचं तोंड डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला टेकलं. सूर खाली घसरला.

त्याने पुन्हा फुंकलं, गुडघा जरा दूर. काळी चार. गुडघा जवळ. पांढरी पाच. आणखी जवळ, आणि सूर गुदमरून मेला.

"झाकलं की नळी लांब झाल्यासारखी होते," आल्सीदचे डोळे चमकत होते. "अर्धं झाक. पूर्ण झाकलंस की संपलं. किती बसतं ते मोजून ठेव."

बसून जमत होतं. पण पाम गार्डनमध्ये बसून वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नसे. उभं राहायचं म्हणजे एका पायावर, दुसरा गुडघा पोटापर्यंत वर, आणि त्या अवस्थेत सोळा भोंगे. शिवाय नव्या पट्टीत सगळ्या बोटांची चाल बदलत होती. पहिल्यांदा तो तिसऱ्या भोंग्याला पडला, दुसऱ्यांदा पाचव्याला. दुपार उलटली तेव्हा अकरापर्यंत पोचला होता.

"बगळा दिसतोस," वर्लीन म्हणाली.

"बगळा पडत नाही."

रविवारी चार वाजता पाम गार्डनच्या खिडक्या उघड्या होत्या आणि तरी आत श्वास घेववत नव्हता. चर्चमधून थेट आलेल्या बायका हॅटसकट बसल्या होत्या. मिसेस स्ट्रिंगर पुढच्या टेबलाशी होती. पन्नाशीची, राखाडी सूट, समोर वही आणि बर्फाचा चहा. ती कुणाकडे बघून हसली नाही.

ड्युइट आधी. त्याने खुर्ची मागितली, पँटची घडी सांभाळत बसला आणि वाजवलं. गुरगुराट, किंचाळी, आणि मग सोळा भोंगे, एकसारखे, गोल, जिथे हवे तिथे. बॅरिटोनला तो सूर जिन्यावरच्या मधल्या पायरीसारखा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हाच तो सूर. थेरनने बाजूला उभं राहून तो ऐकला आणि त्यात गुणगुणणं नाही हे त्याला ऐकू आलं, पण ते ऐकू येणारा हॉलमध्ये तो एकटाच असावा.

"ये, गॅस्किन्स," ड्युइट जाताना म्हणाला. "तळघराची किल्ली आणलीस ना?"

मागच्या टेबलांवर हशा पिकला. बँड सुरू झाला. दोन कडवी कुणीतरी गायली, थेरनला शब्द कळले नाहीत. तो बोटांची नवी चाल मनात घोकत होता. मग त्याची पाळी आली, तो घुसला, गुरगुरला, वर गेला, आणि वरच्या किंचाळीवर हॉल पुढे झुकला. आता उडी.

त्याने डावा गुडघा उचलला आणि फुंकलं.

सूर मेला. नुसती हवा, फस्स. गुडघा जास्त जवळ गेला होता. ड्रमवाल्याने त्याच्याकडे पाहिलं. ड्युइटने तोंडावर रुमाल धरला.

दुसरा ठोका येईपर्यंत जेमतेम अर्धा सेकंद होता. थेरनने गुडघा केसभर दूर नेला, घशातून गुणगुणला आणि फुंकलं.

तो आला. गोदीतल्या जहाजाने धक्का सोडताना भोंगा द्यावा तसा, पोटातून, ओबडधोबड. तिसरा. चौथा. पाचव्याला एक बाई खुर्चीवर चढली. थेरन मोजत होता, फक्त मोजत होता, कारण मोजणं थांबलं तर पाय आठवला असता. आठव्याला पोटरी थरथरू लागली आणि सूर थरथरू लागला, आणि त्या थरथरीवर हॉलच्या मागच्या बाजूने जो आवाज उठला तो टाळ्यांचा नव्हता. अकरा. काल इथेच तो पडला होता. बारा. घाम डोळ्यांत. त्याने डोळे मिटले, आणि डोळे मिटल्यावर तोल सांभाळणं किती अवघड असतं हे त्याला तेराव्याला कळलं. त्याने एक उडी घेतली, त्याच एका पायावर, आणि चौदावा हवेत असतानाच वाजला. पंधरा. सोळा.

पाय खाली टेकला तेव्हा बँड ऐकू येत नव्हता. लोक टेबलांवर होते. क्लीव्ह न्हावी एका पायावर उभा राहून ओरडत होता.

मिसेस स्ट्रिंगरने त्याला हॉलमागच्या खोलीत बोलावलं. वर्लीन बरोबर गेली. ड्युइट आधीच दाराला टेकून उभा होता.

"तुम्ही," तिने थेरनकडे पेन्सिल दाखवली. "मंगळवारी निघायचं. पोस्टरवर लिहीन, रेकॉर्डवरचा माणूस."

"मॅडम, रेकॉर्डवर मी दोन्ही पाय जमिनीवर ठेवून वाजवलं होतं." आणि त्याने सगळं सांगितलं. काळी चार, जोरात फिरलेलं यंत्र, कागदाचा कपटा. बोलताना तो ड्युइटकडे बघत होता. "एमरीने तुला बोलावलं नव्हतं."

ड्युइटने बुटावरची धूळ पाहिली. "सूर चांगला होता," तो म्हणाला. "कुणाचा तरी असायला हवा होता ना? लेबलवर नाव नाही, विचारायला माणूस नाही. म्हटलं, आपणच म्हणावं." त्याने टोपी घातली. "पण तो पाय भारी होता, बाबा." आणि तो निघून गेला.

मिसेस स्ट्रिंगरने चहातला बर्फ हलवला. "हे मी पोस्टरवर लिहू? यंत्र जोरात फिरत होतं?"

"नको. पण एक अट आहे. गाणं काळी चारमध्ये होईल. जिथे वाजवलं होतं तिथे."

"मग हा सूर?"

"तिथे तो बाजातच आहे. पायाची गरज नाही."

"मला आहे," ती म्हणाली. "लोकांनी सूर ऐकला असं वाटतं तुम्हाला? मी त्यांच्याकडेच बघत होते. सगळे तुमच्या गुडघ्याकडे बघत होते. पाय नसेल तर तो पांढऱ्या बुटांचा माणूस आठवड्यात पाय उचलायला शिकेल."

थेरनने सॅक्सोफोनचा पट्टा गळ्यातून काढला. त्याची पोटरी अजून उडत होती. ज्या सुरासाठी तीन आठवडे झोप गेली, तो त्याचाच होता हे त्याला आता माहीत होतं, आणि ते पटवून घ्यायला इथे कुणालाच वेळ नव्हता.

"उचल की पाय, नुसता हवेत," वर्लीन हळूच म्हणाली. "सूर एमरीने तुझ्यासाठी ठेवला होता, तो तू घे. पाय त्यांना दे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

"काळी चार," तो म्हणाला.

"काळी चार," मिसेस स्ट्रिंगरने वहीत लिहिलं, कपड्याचं माप लिहावं तसं. मग पान उलटून पेन्सिल पुन्हा टेकवली. "पोस्टरच्या चित्रकाराला सांगावं लागेल. कुठला पाय?"

"डावा," थेरन म्हणाला.